डमडमची गोळी, इच्छापूरची रायफल आणि स्वस्ताईचा मोह

कोलकात्याच्या सियालदा स्टेशनातून राणाघाटकडे जाणारी लोकल पकडली की काही मिनिटांत डमडम येतं. मुंबईच्या माणसाला दादर जसं, तसं कोलकातावासीयांना डमडम. लोकल इथं थांबते, मेट्रो इथं मिळते. शहराचा विमानतळही याच भागात. १९९५ साली त्याला नेताजी सुभाषचंद्र बोस यांचं नाव दिलं गेलं, तरी जुनी माणसं अजून 'डमडमला उतरलो' असंच म्हणतात.

याच लोकलने पुढे गेलं की बराकपूर लागतं. त्यानंतर पलता, आणि मग इच्छापूर. वरवर पाहता ही उपनगरातली साधी स्टेशनं, पण बंदुकीच्या इतिहासात या रेल्वेमार्गाइतका मोठा मान क्वचितच कुठल्या मार्गाला मिळाला असेल. डमडमला काडतूस, बराकपूरला त्यावरून झालेला उद्रेक आणि इच्छापूरला रायफल... सगळं एकाच रुळावर!

या रुळावरची रायफल आता भारतभर सेकंडहँड विकली जाते. 'आजोबांची थ्री-फिफ्टीन आहे, परवाना नको झालाय, स्वस्तात देऊन टाकतो,' असं वाक्य कुणाच्याही कानावर येऊ शकतं. नेमबाजीची हौस असलेल्याला मोह होतो. त्यात परदेशी मासिकांतून वाचलेलं असतं, की अशी जुनी रायफल घ्यावी, शिसं वितळवून घरच्या घरी गोळ्या ओताव्यात आणि चार पैशांत नेमबाजी करावी.

हौस वाईट नाही. मात्र या सौद्यात एक पाऊल चुकलं तर गाठ थेट तुरुंगाशी, किंवा त्याहून वाईट म्हणजे स्वतःच्या डोळ्याशी आणि बोटांशी.

लोटाभर पाणी आणि एक काडतूस

'दमदमा' म्हणजे मातीचा उंच ढिगारा, तोफा ठेवण्याचा चौथरा. डमडम हे नाव त्यावरूनच पडलं असं मानतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल तोफखान्याचं ठाणं इथं होतं. तोफखाना १८५३ साली मेरठला गेला, पण दारूगोळ्याचा कारखाना आणि रायफल शिकवण्याचं केंद्र इथं राहिलं.

१८५७ च्या जानेवारीत इथंच ती प्रसिद्ध घटना घडली. कारखान्यातल्या एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाकडे पाणी प्यायला लोटा मागितला. शिपायाने जातीचं कारण सांगून नकार दिला. तेव्हा खलाशी म्हणाला, की थोडे दिवस थांब, नवी काडतुसं दातांनी तोडायला लागशील तेव्हा तुझी जात कुठं राहील? त्या काडतुसाला गाय आणि डुकराची चरबी लावलेली आहे!

नवी एनफिल्ड रायफल .५७७ बोअरची होती. काडतूस कागदाचं, आत दारू आणि मऊ शिशाची गोळी. कागद दाताने फाडायचा, दारू नळीत ओतायची आणि चरबी लावलेल्या कागदासकट गोळी ठासायची. चरबी हवीच होती, कारण नळीत पीळदार आटे होते. चरबीविना शिसं आट्यांना चिकटून बसलं असतं. म्हणजे देशभर वणवा पेटवणारी ती चरबी मुळात शिशाच्या गोळीची तांत्रिक गरज होती.

२९ मार्च १८५७ रोजी पुढच्याच बराकपूरला मंगल पांडे यांनी शस्त्र उचललं. ८ एप्रिलला त्यांना फाशी झाली. काडतुसांची ही हकिकत मराठी घरांत पोचली, ती वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'मधूनही.

'डमडम' नावाची बदनामी

चाळीस वर्षांनी डमडमचं नाव पुन्हा गाजलं. तोवर ठासणीच्या बंदुका मागे पडल्या होत्या. लष्कराकडे थ्री-नॉट-थ्री, म्हणजे .३०३ बोअरची बोल्ट रायफल आली होती. मागचा दांडा वर उचलून मागे ओढला की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि पुढे ढकलला की नवं आत बसतं. तिच्या गोळीचा वेग इतका, की उघडं शिसं टिकलं नसतं. म्हणून गोळीला धातूचं कवच चढवलं गेलं.

१८९५ च्या चित्रालच्या मोहिमेत इंग्रज अधिकाऱ्यांची तक्रार आली, की ही कवचाची गोळी आरपार जाते, पण समोरचा माणूस थांबत नाही. डमडमच्या कारखान्याचे प्रमुख कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी त्यावर उपाय काढला. गोळीच्या टोकाचं कवच थोडं काढून आतलं शिसं उघडं ठेवलं. शरीरात शिरताच ते मऊ टोक पसरायचं आणि भयंकर जखम व्हायची.

वायव्य सरहद्दीवर ही गोळी वापरली गेली आणि युरोपात ओरड सुरू झाली. २९ जुलै १८९९ रोजी हेगच्या परिषदेत शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांवर युद्धात बंदी घालणारा जाहीरनामा झाला. ब्रिटनने तो मान्य केला १९०७ साली. कारखान्याच्या गावाचं नाव मात्र गोळीला कायमचं चिकटलं.

गंमत अशी, की युद्धात निषिद्ध ठरलेली ही मऊ टोकाची गोळी शिकारीसाठी जगभर वापरली जात राहिली. जनावर जखमी होऊन तडफडत पळण्यापेक्षा जागच्या जागी मरावं, हा त्यामागचा विचार.

इच्छापूरची पोर

इच्छापूरला आधी कंपनीचा बारुदखाना होता. १९०४ साली तिथं रायफलींचा कारखाना उभा राहिला. जेम्स पॅरिस ली यांनी रचलेल्या बोल्टची ली-एनफिल्ड रायफल इथं वर्षानुवर्षं घडली. दोन महायुद्धांत भारतीय जवानांच्या खांद्यावर तीच होती. १९६२ च्या चीन युद्धानंतर हिचीच ७.६२ मिलिमीटरची आवृत्ती निघाली. तिचं नाव 'टू-ए' आणि पुढे 'टू-ए-वन'.

पोलिसांकडे तर थ्री-नॉट-थ्री कितीतरी काळ राहिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ समोर उभ्या ठाकलेल्या पोलिसांच्या हातात याच जुन्या रायफली होत्या, हे मराठी वाचक विसरलेला नाही. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताकदिनी.

सामान्य नागरिकाला मात्र थ्री-नॉट-थ्री मिळत नाही. लष्कराचं काडतूस ज्या रायफलीत बसतं ती नागरिकाच्या हाती द्यायची नाही, हे इंग्रजांच्या काळापासूनचं धोरण आहे. कोठारातून चोरलेली काडतुसं बाहेरच्या बंदुकीत चालू नयेत हा त्याचा हेतू. म्हणून इच्छापूरने नागरिकांसाठी त्याच घराण्यातली .३१५ बोअरची 'स्पोर्टिंग रायफल' काढली. तिचं काडतूस जुन्या ऑस्ट्रियन मानलिखर रायफलीचं. आणि हे काडतूस बनवणारा कारखाना? आपल्या पुण्याजवळच्या खडकीचा! १८६९ साली सुरू झालेल्या या कारखान्याची 'केएफ' ही खूण काडतुसाच्या बुडावर दिसते.

सरकारी आयुध निर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजी बरखास्त झालं आणि त्याच्या सात कंपन्या झाल्या. इच्छापूर 'ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया'कडे गेलं आणि खडकी 'म्युनिशन्स इंडिया'कडे.

जुन्या रायफली बाजारात का आल्या?

१९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार एका माणसाला तीन बंदुका बाळगता येत असत. २०१९ च्या दुरुस्तीने ही मर्यादा दोनवर आणली. ज्यांच्याकडे तिसरी होती त्यांना ती वर्षभरात पोलिसांकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची होती. वडिलोपार्जित बंदुकीलाही यातून सूट नव्हती.

दुसरं कारण वयाचं. ज्यांनी साठ-सत्तरच्या दशकात रायफल घेतली, ती पिढी थकली. मुलगा बंगळुरूला, मुलगी अमेरिकेत. दर निवडणुकीला बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, नंतर सोडवून आणायची, परवान्याचं नूतनीकरण करायचं... कोण करणार?

तिसरं कारण शिकारीचं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीचा षौक संपला. तेव्हापासून कितीतरी रायफली कपाटात पडून आहेत. म्हणूनच त्या स्वस्तात मिळतात.

आधी कागद, मग रायफल

सेकंडहँड स्कूटर घेताना लोक आधी चालवून पाहतात आणि मग आरसी बुक मागतात. रायफलीत हा क्रम उलटा हवा.

घेणाऱ्याचं वय किमान २१ हवं. त्याच्याकडे स्वतःचा परवाना आधी हवा आणि त्यावर त्या प्रकारच्या शस्त्राला परवानगी हवी. जिल्ह्यात जिल्हाधिकारी आणि मोठ्या शहरात पोलीस आयुक्त परवाना देतात. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली.

विक्रेत्याकडून घेतली तर नोंदी तो करतो. पण ओळखीच्या माणसाकडून थेट घ्यायची असेल, तर विकणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं. रायफल कोणती, घेणारा कोण, त्याचा पत्ता काय, हे सगळं त्यात हवं. त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं आणि मगच शस्त्र हातात द्यायचं. 'आज पैसे द्या, कागद नंतर करू,' असं म्हणणाऱ्याला तिथंच नमस्कार करावा.

एक सापळा फार फसवा आहे. इच्छापूरने तुरुंग आणि पोलिसांच्या पहाऱ्यासाठी जुन्या रायफलींच्या नळ्या गुळगुळीत करून .४१० बोअरच्या मस्केट बनवल्या होत्या. दिसायला हुबेहूब रायफल! पण .४१० मस्केट आणि .३०३ किंवा ७.६२ चं काडतूस बसणारी कुठलीही रायफल २०१६ च्या नियमांत निर्बंधित गटात आहे. साधा परवाना तिला चालत नाही. म्हणून नळीवरचा बोअरचा ठसा आणि परवान्यावरची नोंद जुळवून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

नळी बोलते, ऐकायला हवं

कागद ठीक असतील तर मग रायफल पाहावी, तीही जाणत्या बंदूक-कारागिराला सोबत घेऊन. ती रिकामी आहे याची खात्री सर्वांत आधी करायची. विकणाऱ्याने सांगितलं तरी स्वतः बोल्ट उघडून पाहायचं.

क्रमांक : ली-एनफिल्ड जातीच्या रायफलीत बोल्ट त्या-त्या रायफलीला जुळवून बसवलेला असतो. बोल्टवरचा आणि सांगाड्यावरचा क्रमांक वेगळा निघाला तर बोल्ट बदललेला आहे. मग काडतुसाचं बूड आणि बोल्टचं तोंड यांतली फट जास्त असू शकते. या फटीला कारागीर 'हेडस्पेस' म्हणतात. ती वाढली तर काडतूस फुटून गरम वायू नेमबाजाच्या तोंडावर येतो. ही फट गेजनेच मोजावी, डोळ्याने नाही.

नळी : बोल्ट काढून, कोरड्या चिंधीने पुसून उजेडाकडे धरावी. आटे स्वच्छ, धारदार दिसायला हवेत. जुन्या काडतुसांच्या टोपीतला मसाला जळून क्षार मागे राहत. ते धुतले नाहीत की नळी आतून खात. कोलकात्याच्या किंवा कोकणाच्या दमट हवेत तर विचारूच नका. नळीचं तोंडही पाहावं. वर्षानुवर्षं साफसफाईची दोरी एका बाजूने घासून ओढली असेल तर तोंड लांबट होतं आणि नेम बिघडतो.

दस्ता : भेगा, तेलाने कुजलेलं लाकूड, नवं पॉलिश मारून झाकलेले तडे शोधावेत. इच्छापूरच्या लष्करी रायफलीत पुढच्या लाकडाला एक आडवा स्क्रू असतो. तो दोष नसून मजबुतीसाठी मुद्दाम दिलेला आहे. पण 'डीपी' असा ठसा दिसला तर ती कवायतीची रायफल. तिच्यातून गोळी झाडायची नसते.

ओतीव गोळीचं शास्त्र

अमेरिकेत जुन्या बोल्ट रायफली आणि ओतीव गोळ्या हा रीतसर छंद आहे. इच्छापूरच्या 'टू-ए-वन' रायफलीही जुन्या लष्करी मालात तिकडे गेल्या. इच्छापूरच्या माणसाला जी रायफल घेता येत नाही, ती टेक्सासचा माणूस दुकानातून घेऊन येतो!

शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. नुसतं शिसं फार मऊ, म्हणून त्यात कथील आणि अँटिमनी घालतात. कथिलाने धातू साच्यात नीट भरतो आणि अँटिमनीने कडक होतो. जुन्या छापखान्यांची आठवण असणाऱ्यांना हे मिश्रण ओळखीचं वाटेल. खिळ्यांची धातू हीच! लायनोटाइप यंत्राच्या धातूत साधारण ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असे. छापखाने बंद पडले, तेव्हा तिकडच्या हौशी मंडळींनी ही धातू भंगारातून वेचून आणली. ज्या धातूची अक्षरं व्हायची, तिच्या गोळ्या झाल्या.

ओतीव गोळी नळीतल्या खोबणीपेक्षा इंचाचा एक-दोन हजारांश भाग जाड असावी लागते. बारीक पडली तर मागचे गरम वायू बाजूने निसटतात, शिसं वितळून आट्यांत बसतं आणि नेम जातो. नावावर मात्र विसंबून चालत नाही. थ्री-नॉट-थ्रीची गोळी प्रत्यक्षात .३११ इंचाची असते आणि झिजलेल्या नळीची खोबण त्याहूनही मोठी निघते. म्हणून तिकडचा जाणता आधी मऊ शिशाचा तुकडा नळीतून ढकलून माप घेतो आणि मग साचा विकत घेतो. गोळीला मेण-चरबीचं वंगण, बुडाला तांब्याची छोटी टोपी. वेगही कमी ठेवावा लागतो. फायदा हा, की धक्का कमी, नळीची झीज कमी आणि खर्चही कमी. १८५७ च्या चरबीचं कोडं इथं पुन्हा भेटतं. शिसं आणि आटे यांच्यामध्ये काहीतरी निसरडं हवंच.

आणि भारतात?

भारतात परवान्याशिवाय हे करायचं नाही, एवढं एकच उत्तर आहे. शस्त्र बाळगायचा परवाना म्हणजे काडतूस बनवायचा परवाना नव्हे. कायद्याच्या व्याख्येत काडतुसाचे भाग आणि ती बनवण्याची यंत्रसामग्रीही 'दारूगोळा'च आहे. विनापरवाना निर्मितीला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. 'फक्त छंद होता हो,' हे कोर्टात चालणार नाही. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्यालाही आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

दुसरी गोष्ट आरोग्याची. शिशाची वाफ आणि धूळ शरीरात साठते. लहान मुलांच्या मेंदूला तर शिशाची कुठलीच मात्रा सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब पडला तर कढईतल्या तेलासारखा तडतडाट होत नाही, स्फोटच होतो. स्वयंपाकघराच्या शेगडीवर करायचं हे काम नव्हे. रेंजवरून आल्यावरही हात-तोंड धुतल्याशिवाय मुलांना जवळ घेऊ नये, कपडे वेगळे धुवावेत.

मग हौस भागवायची कशी? रस्ता आहे आणि तो उजळ आहे. नॅशनल रायफल असोसिएशन १९५१ साली स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर. नेमबाजीची मावळंकर स्पर्धा त्यांच्याच नावाची. असोसिएशनशी जोडलेले रायफल क्लब कोलकात्यात आहेत आणि महाराष्ट्रातही आहेत. क्लबात प्रशिक्षक असतो, रेंज असते आणि क्लबची रायफल वापरता येते. स्वतःची घ्यावी की नाही, हे वर्षभर तिथं घाम गाळल्यावर आपोआप कळतं.

आणि शिशाच्या गोळीचं म्हणाल, तर तीही तिथं आहे. ५० मीटरच्या रायफल प्रकारात .२२ बोअरचं काडतूस वापरतात. त्याची गोळी म्हणजे वंगण लावलेलं मऊ शिसं, कवच नाही. याच गोळीने कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकमध्ये जागतिक सुवर्ण जिंकलं. कोलकात्याचा जयदीप कर्माकर २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये चौथा आला. आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ब्राँझपदक गळ्यात घातलं.

कपाटातली आजोबांची रायफल स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नये, आणि नकोशी झाली म्हणून कुणाच्याही हाती देऊ नये. कागद बघून, नळी तपासून आणि घरच्यांना विचारून घेतलेली रायफल आयुष्यभर साथ देते. घरात लहान मूल असेल, तर बोल्ट एका कुलपात, रायफल दुसऱ्या कुलपात आणि काडतुसं तिसऱ्या कुलपात. तीन कुलपांचा खर्च करायची तयारी नसेल, तर कितीही स्वस्त मिळाली तरी ती रायफल महागच पडायची!